वाट बघणारे हात

अकराच्या अकरा मुलींची करंगळी ताठ होती.

लोंढे सिस्टर सरावाच्या हॉलच्या दारातच थबकल्या. समोर शेवटच्या वर्षाच्या मुली रबरी बाळांवर वाकून सलाईनची सुई लावत होत्या. सगळ्यांच्या सुया एकाच कलानं उतरत होत्या, एकाच वेळी थांबत होत्या आणि सगळ्यांची करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून काडीसारखी सरळ उभी राहत होती. सुई अशी धरावी असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. धरूही नये, कारण करंगळीचा आधार सुटला की हात डगमगतो. एस्तेर लोंढे यांची करंगळी मात्र तशीच होती. तरुणपणी वॉर्डात ऑक्सिजनचा सिलिंडर निसटून त्यांच्या हातावर पडला होता. हाड जुळलं, पण बोट काही पुन्हा वाकलं नाही. ते त्यांचं दुखणं होतं, आणि आता ते अभ्यासक्रमात येऊन बसलं होतं.

“बघा सिस्टर, सगळ्या तुमच्याच लेकी!” प्राचार्य मगदूम सर खुशीत म्हणाले. “एकीची तरी सुई चुकली का सांगा.”

चुकली नव्हती. लोंढे सिस्टरांनी कौतुकानं हसायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. तीसेक वर्षं त्यांनी मिरजेच्या या नर्सिंग कॉलेजात मुली शिकवल्या होत्या. सुई न चुकणारा वर्ग त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि पाहायची इच्छाही नव्हती.

ही सगळी किमया ‘हस्तगुरू’ची, आणि पहिल्या वर्षापासून त्याच्यावरच शिकलेला हा पहिला वर्ग. पुण्याच्या कंपनीनं बनवलेली ती एक बाही होती, कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत येणारी, मोज्यासारखी पातळ. सोबत एक चष्मा. चष्म्यातला कॅमेरा कातडीखालून जाणारं रक्त, रबरी बाळ असेल तर नळीतलं रंगीत पाणी, अवरक्त प्रकाशात पाहायचा, शीर कुठं आहे, किती खोल आहे ते यंत्राला कळवायचा. यंत्र हिशेब मांडायचं की इथं लोंढे सिस्टरांचा हात असता तर कसा चालला असता, आणि बाही मनगटाच्या वरच्या स्नायूंना विजेचे बारीक झटके देऊन मुलीची बोटं तशी चालवायची. झटका इतका सौम्य की मुंग्या आल्यासारखं वाटावं. हात मुलीचा, चाल सिस्टरांची.

ती चाल कंपनीनं सहा वर्षांपूर्वी सिस्टरांकडूनच नेली होती. हातभर तारा लावून त्यांना शेकडो बाळांना सुया लावायला सांगितल्या होत्या. मुक्ता परुळेकर नावाची एक इंजिनिअर पोरगी दिवसदिवस त्यांच्या शेजारी बसायची, भडंग खायची आणि डोळे विस्फारून विचारायची, “सिस्टर, हे तुम्हाला कळतं तरी कसं?” सिस्टर सुखावल्या होत्या, त्यात नवल नाही. आयुष्यभर डॉक्टरांच्या मागं ट्रे धरून उभं राहिलेल्या बाईला कुणीतरी पहिल्यांदाच ‘तुमचं कसब देशभर जाईल’ असं म्हटलं होतं. कसब गेलं, आणि त्याच्या मागोमाग नोकरीही. शिकवायला बाही असताना शिक्षिका कशाला पोसायच्या? कॉलेजनं सगळ्या ट्यूटरांना नारळ दिला. सिस्टरांची तेवढी बदली शेजारच्या दवाखान्यात बालरोग वॉर्डला झाली. आज त्या इथं आल्या होत्या त्या केवळ जुना नियम अजून कुणी खोडला नव्हता म्हणून. शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेला अनुभवी परिचारिकाच परीक्षक हवी, तिची सही हवी, असं तो नियम सांगत होता.

“बाकी औपचारिकताच आहे,” मगदूम सर म्हणाले. “पुढच्या सोमवारी या, चहा घ्या, सही करा.”

पहिल्या टेबलाशी उभी असलेली सलोमी मावशीकडं पाहून हसली. ती सिस्टरांच्या बहिणीची मुलगी. गाव जतकडं. चार वर्षं मावशीच्याच घरी राहून शिकत होती. बाहीच्या गुणपत्रकात तिचा नंबर कॉलेजात पहिला होता आणि जर्मनीतल्या एका रुग्णालयाचं नेमणुकीचं पत्र तिच्या मोबाईलवर येऊन पडलं होतं. परीक्षेचा निकाल लागला की विमानात बसायचं, एवढंच बाकी होतं. तिची आई गावभर पेढे वाटूनसुद्धा मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सलोमी वॉर्डात मावशीचा डबा घेऊन आली. नेमकं तेव्हाच जुलाबानं सुकलेलं एक बाळ दाखल होत होतं. सिस्टरांनी त्याला सुई लावली, सलाईन सुरू केलं आणि हात धुता धुता सहज म्हणाल्या, “पलीकडच्या खाटेवरच्या पोराची सुई निघालीय. मी इथं उभी राहते, तू लाव.”

“बाही चार्जिंगला आहे, मावशी.”

“मग?”

“मग काय, नाही येत,” सलोमी हसत म्हणाली. लिफ्ट बंद आहे असं सांगावं इतक्या सहज.

सिस्टरांना वाटलं पोरगी चेष्टा करतेय. त्यांनी पलीकडच्या बाळाची सुई स्वतः लावली आणि सलोमीला दंडाला धरून कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. तिथं सरावाचं एक जुनं रबरी बाळ धूळ खात पडलं होतं. ते तिच्यापुढं ठेवलं, हातात सुई दिली.

सलोमीनं सुई बरोबर धरली. करंगळी अर्थातच ताठ. मग ती थांबली. सिस्टर बघत राहिल्या. पोरीचा हात हवेत तसाच होता. तो घाबरला नव्हता, कापत नव्हता. तो वाट बघत होता. कुणीतरी येऊन आपल्याला उचलेल, नेईल, म्हणून बसून राहिलेल्या मुलासारखा.

“अगं, टोच की!”

“कुठं?” सलोमीनं विचारलं, आणि आता मात्र तिचं हसू मावळलं. तिनं सुई टेकवली, दाबली, ती रबराच्या पार आरपार जाऊन खालच्या गादीत रुतली. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यातली मुलगी याहून बरी.

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण राग पोरीवर काढावा तर ती बिचारी रडवेली होऊन आपल्याच हाताकडं बघत होती. “मी रोज करते, मावशी,” ती म्हणत होती. “हजार वेळा केलंय मी हे. रोज करते.”

मुक्ता परुळेकर परीक्षेच्या तयारीसाठी मिरजेत आलेलीच होती. सिस्टर तडक कॉलेजच्या गेस्टहाऊसवर गेल्या. त्यांनी तिला बसा म्हणायचीही संधी दिली नाही.

“माझी भाची हजार वेळा सुई लावते आणि तिला सुई लावता येत नाही. हे काय गौडबंगाल आहे, सांग मला.”

मुक्तानं लॅपटॉप मिटला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, हा तिच्यातला एक गुण म्हणायचा. ती हळू आवाजात सांगू लागली. हात हलायच्या आधी आपला लहान मेंदू एक अंदाज बांधतो, की आता बोटांना असं लागेल, इतकं जड वाटेल, सुई इथं अडेल. मग हात हलतो आणि खरं काय ते कळतं. अंदाज आणि खरं यांत फरक पडला की मेंदू खडबडून जागा होतो आणि पुढच्या वेळी स्वतःला थोडं सुधारतो. सायकल, पोळ्या, तबला, सुया, सगळं माणूस असंच शिकतो. शिकणं म्हणजे तो फरक पुसत जाणं. “बाही चूक व्हायच्या आधीच हात सावरते, सिस्टर. फरक पडतच नाही. मेंदूला वाटतं, सगळं बरोबर चाललंय, शिकायचं काही नाही. मग तो शिकत नाही.”

“म्हणजे चुकू दिलं नाही म्हणून पोरगी शिकली नाही.”

“हो.”

“आणि हे तुम्हाला आत्ता कळलं?”

मुक्ता मिटलेल्या लॅपटॉपवरून बोट फिरवू लागली. तेव्हाच सिस्टरांना उत्तर कळलं होतं, पण त्यांना ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ती म्हणाली, “पहिल्या बाहीत आम्ही एक सोय ठेवली होती. तिचं नाव ‘ढील’. मीच बनवली होती. मुलगी शिकेल तशी बाही झटके कमी करत जायची, तिला चुकू द्यायची. सहा महिन्यांत मुली बाहीशिवाय सुई लावायला लागल्या.”

“मग ती ढील गेली कुठं?”

“काढून टाकली. शिकलेल्या मुली बाही परत करायला लागल्या.”

सिस्टरांच्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. रुग्णालयं मुलींबरोबर बाही भाड्यानं घेतात. भाडं मुलींच्या पगारातून कापतात. नेमणुकीच्या पत्रात मुलींचा हुद्दाही ‘परिचारिका’ नाही, ‘साहाय्यित परिचारिका’ आहे. सलोमीनं तो दाखवला होता तेव्हा त्यांना ते काहीतरी आधुनिक वाटलं होतं. मुली कॉलेजची फी भरून काही न शिकता बाहेर पडणार आणि जन्मभर स्वतःच्याच हाताचं भाडं भरणार. आणि या सगळ्या धंद्याच्या मुळाशी, ताठ करंगळीसकट, त्यांचा स्वतःचा हात.

“माझा हात काढून घ्या त्यातून,” त्या म्हणाल्या. “मी परवानगी परत घेते. कागद दे, सही करते.”

“घेऊ शकता,” मुक्ता म्हणाली. “करारात तसं आहे. पण ज्या क्षणी तुमचा हात निघेल, त्या क्षणी लहान मुलांच्या वॉर्डांतल्या बाह्या बंद पडतील. सगळीकडं. तिथं बाहीशिवाय सुई लावणाऱ्या आता फारशा कुणी उरलेल्या नाहीत.” ती खाली मान घालून पुढं म्हणाली, “कंपनीला हे माहीत आहे. तुम्ही परवानगी परत घेणार नाही, हेही माहीत आहे.”

आधी मुलींच्या हातांतलं कसब काढून घ्यायचं आणि मग तान्ह्या बाळांना पुढं करून म्हणायचं, हिंमत असेल तर बंद करून दाखवा! दरोडेखोर तरी तोंड लपवून येतो. हे लोक गुणपत्रक घेऊन आले होते, सिस्टरांच्याच घरचं भडंग खाऊन गेले होते. सिस्टरांनी हात जोडले. “तू हुशार आहेस, बाई,” त्या म्हणाल्या. “पण तुला लाज वाटत नाही. वाटत असती तर तू अजून तिथं काम करत नसतीस.”

मुक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरांनी ते पाहिलं आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी परीक्षा सुरू झाली. मगदूम सरांनी चहाची ऑर्डर दिली होती, हॉलमध्ये फुलं ठेवली होती. मुली पांढऱ्याशुभ्र गणवेशात ओळीनं उभ्या. सिस्टर पुढं आल्या आणि म्हणाल्या, “सगळ्यांनी बाह्या काढून टेबलावर ठेवा.”

मुली एकमेकींकडं बघू लागल्या.

“सिस्टर, हे काय?” सर धावत आले. “परीक्षा बाहीसकट असते.”

“कुठं लिहिलंय? नियमात ‘उमेदवार’ लिहिलंय. बाही उमेदवार आहे का? मग तिचं नाव पुकारा, मी तिला पास करते.”

मुलींनी बाह्या काढल्या. उघडे हात फिकट दिसत होते, बाहीच्या पट्ट्यांचे गोल वळ उमटलेले. एकेक जण रबरी बाळापुढं आली. एकेकीचा हात हवेत थांबला, वाट बघत राहिला. कुणी सुई हाडात घातली, कुणी गादीत. एक रडत बाहेर पळाली. सलोमी शेवटी आली. तिनं मावशीकडं पाहिलं, त्या नजरेत विनवणी होती. ‘माझ्यापुरतं तरी.’ घरातली मुलगी, बहिणीनं विश्वासानं सोपवलेली. सिस्टरांचं काळीज हललं. त्यांनी तोंड फिरवलं नाही, पण पेनही थांबवलं नाही. सलोमीच्या नावापुढं त्यांनी ‘अनुत्तीर्ण’ लिहिलं आणि खाली सही ठोकली.

घरी आल्यावर सलोमीनं पिशवी भरायला घेतली.

“बाकीच्या नापास झाल्या ते ठीक,” ती कपडे कोंबत म्हणाली. “मला तरी सांगायचंस की आदल्या दिवशी! काय करायलीस तू हे? तुला तुझ्या रागाचं पडलंय. आईनं सगळ्या गावाला सांगितलंय, मावशी. माझं विमानाचं तिकीट निघालंय.”

“तुला सुई लावता येत नाही, सलोमी.”

“नाही येत! मग काय बिघडलं? तिथं बाही देणारच आहेत की!” तिचा आवाज फाटला. “तुला जमलं, तुझं आयुष्य झालं. आमच्या वेळेला हे असंच आहे, त्याला मी काय करू?”

प्रश्न खरा होता. सलोमी हॉस्टेलवर राहायला गेली. दोन दिवसांतच कळलं की कॉलेजनं दुसरा परीक्षक शोधलाय. फेरपरीक्षा तीन आठवड्यांनी, बाहीसकट. सगळ्या पास होणार. सिस्टरांची सही कुठल्याही कामाची उरली नव्हती. वॉर्डातल्या बाकीच्या जणीही त्यांच्याशी तुटक बोलू लागल्या, पोरींचं वाटोळं करणारी बाई म्हणून. बहिणीनं फोन केला आणि न बोलताच ठेवला.

वर मुलींना कंपनीची एक सूचना आली. सिस्टरांनी ती एका मुलीच्या मोबाईलवर वाचली आणि त्यांना हसावं की कुणाच्या श्रीमुखात भडकवावी ते कळेना. फेरपरीक्षेपर्यंत कुणीही उघड्या हातानं सराव करू नये, अशी ती सूचना होती. स्वतःची सवय लागलेला हात बाहीशी झगडतो, झटक्याच्या उलट ओढतो. असा हात यंत्र ‘अयोग्य’ ठरवतं आणि नेमणूक रद्द होते. म्हणजे येत नसेल तर नोकरी आणि येत असेल तर घरी! परिचारिकेला सुई लावता येणं हा आता दोष ठरला होता, आणि ही सूचना लिहिणाऱ्याला ती लिहिताना काहीसुद्धा वाटलं नसावं.

रविवारी प्रार्थना आटोपून सिस्टर घरी आल्या, तर दाराशी सलोमी उभी होती. हातात वॉर्डातून मागून आणलेलं सुयांचं पाकीट आणि स्पिरिटचा कापूस. डोळे सुजलेले.

“मी तुझ्यावर रागावलेली आहे,” ती आत येत म्हणाली. “ते आधी सांगते. राग गेलेला नाही.”

“बरं. बस.”

ती बसली नाही. “काल माझी वॉर्डात ड्यूटी होती. सहा दिवसांचं बाळ. मी सुई टेकवली, आणि त्यानं पाय झाडला. बाहीनं हात थांबवला. चष्म्यात पिवळा दिवा आला, ‘थांबा’. नवा हिशेब करायला लागली ती. मी सुई धरून उभी. बाळ निळं पडेपर्यंत रडायलंय. त्याची आई सारखी म्हणायली, ‘सिस्टर, काहीतरी करा ओ, सिस्टर, बघा की ओ.’” सलोमीनं सुयांचं पाकीट टेबलावर ठेवलं. “मला काही करताच येईना. शेवटी आयाबाई पळत जाऊन डॉक्टरांना घेऊन आल्या. बाळ बरं आहे. पण ती आई माझ्या तोंडाकडं बघत होती, मावशी. बाहीकडं नव्हती बघत. माझ्याकडं बघत होती.”

सिस्टरांना त्या अनोळखी आईबद्दल वाटलं ते वाटलंच, पण त्याहून जास्त राग आला तो या पोरीला तिथं तसं उभं करणाऱ्यांचा. बावीस वर्षांची मुलगी, शिकायला आली होती, शिकायची तयारी होती. तिच्या हाताला कुणी चुकूसुद्धा दिलं नव्हतं.

“कंपनीची सूचना वाचलीस ना?” त्यांनी विचारलं. “तुझा हात तयार झाला तर बाही तुला नाकारेल. जर्मनी जाईल.”

“वाचलीय.”

“तुझ्या आईला काय सांगशील?”

“माहीत नाही. रडेल ती. मीपण रडले.” सलोमीनं खुर्ची ओढली आणि मावशीच्या समोर बसली. “मला सुई लावायला शिकव. हात दे तुझा.”

सिस्टरांनी आपल्या ब्लाउजची बाही वर सारली आणि डावा हात टेबलावर ठेवला. वयानं त्यांच्या शिरा नाजूक झाल्या होत्या, कातडीखाली सरकत होत्या. शिकणारीसाठी याहून वाईट हात शोधून सापडला नसता. सलोमीनं दंडाला पट्टी बांधली. कापूस फिरवला. सुई उचलली, आणि तिचा हात हवेत थांबला. तो हात कुणाची तरी वाट बघत होता, नेहमीसारखाच. कुणी आलं नाही. मग सलोमीनं दात ओठ खाऊन तो स्वतःच खाली नेला.

सुई शिरेच्या शेजारून आत घुसली. कळ थेट खांद्यापर्यंत गेली. कातडीखाली रक्त साकळून निळा फुगा आला आणि सलोमीनं घाबरून सुई बाहेर ओढली.

“चुकलं,” ती म्हणाली. “दुखलं ना? चुकलं माझं.”

“का चुकलं?”

“मला काय माहीत!”

“तुझ्याशिवाय कुणाला माहीत असणार? टोचलंस तू. सांग.”

सलोमी त्या निळ्या फुग्याकडं बघत राहिली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, बोटं हवेतच पुन्हा एकदा हलली, आत्ता काय झालं ते आठवत, चाचपत.

“शीर सरकली,” ती सावकाश म्हणाली. “डाव्या हातानं मी खालून कातडी ताणलीच नाही. मोकळीच होती. म्हणून शीर पळाली.”

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“पुन्हा,” सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा हात पुढं केला.